दीडशे वर्षांचा पाऊस आणि आलेखाचे तुकडे



आपले तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. आर्वीकडून आणि आष्टीकडून येणारे रस्ते इथे एकत्र होतात, त्यामुळे चहाच्या टपरीवर सदैव चार गावची माणसे भेटतात. जून ते सप्टेंबर या महिन्यांत त्यांचे बोलणे कुठूनही सुरू होवो, ते पावसावर येऊन थांबते. कपाशी, तूर, सोयाबीन आणि संत्र्याच्या बागा यांवर ज्यांचे घर चालते त्यांनी दुसरे बोलावे तरी काय? आणि या बोलण्यात एक वाक्य हमखास असते : "पूर्वीसारखा पाऊस आता राहिला नाही."

हे वाक्य खरे की खोटे, हे इतिहासाच्या साधनांनी तपासता येते काय, असा प्रश्न घेऊन मी काही वर्षांपूर्वी शाळेच्या प्रदर्शनासाठी एक तक्ता तयार केला. तो तक्ता चुकला. तो कसा चुकला आणि ती चूक कोणी दाखवली, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. मी इतिहासाचा पदवीधर. गणिताशी माझी सलगी कधीच नव्हती, हे माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊकच आहे. तरीही या निमित्ताने आकड्यांच्या इतिहासात शिरलो आणि तिथून अजून बाहेर पडलेलो नाही.

पुण्याला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. १९६२ साली ती स्थापन झाली. तेथील बी. पार्थसारथी, ए. ए. मुनोत आणि डी. आर. कोठावळे या संशोधकांनी देशभरातील ३०६ पर्जन्यमापन केंद्रांच्या जुन्या नोंदी जमवून, १८७१ पासूनचा साऱ्या देशाचा महिन्यामहिन्याचा पाऊस काढला आणि १९९४ साली तो प्रसिद्ध केला. पुढे २०१६ पर्यंतचे आकडे त्यात जोडले गेले. म्हणजे १४६ वर्षे, म्हणजेच १,७५२ महिने. हे आकडे मी शाळेच्या संगणकात भरले आणि आलेख काढण्याची आज्ञा दिली. क्षणात आलेख आला. पण तो पाहून मुले हसू लागली. पानाची रुंदी वीस सेंटिमीटर आणि त्यात १,७५२ ठिपके! रेघ अशी काही दाटली होती की जणू काळी फणी कोणी पानावर आडवी ठेवली आहे. त्यात दुष्काळही दिसेना आणि अतिवृष्टीही दिसेना.

तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. पहिली योग्य होती : महिन्यांऐवजी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची बेरीज घेतली. दुसरी गोष्ट अशी की, सगळी वर्षे पानावर नीट मावत नाहीत म्हणून त्यातला एक तुकडा कापून घेतला, १९३१ ते १९८७ एवढा, आणि तोच मोठा करून काढला. आता रेघ स्पष्ट दिसली. डावीकडे उंच, उजवीकडे उतरती. खाली ठळक अक्षरांत मी लिहिले : "पाऊस कमी होत चालला आहे." खरे सांगावयाचे तर, तो तुकडा मी केवळ जागेसाठी निवडला नव्हता. मला उतार दाखवावयाचा होता आणि त्या तुकड्यात तो छान दिसत होता.

प्रदर्शन झाले, कौतुक झाले. चार-पाच दिवसांनी एक वृद्ध पालक शाळेत आले. गावात त्यांना सगळे चाचाच म्हणतात, तेव्हा मीही तसेच म्हणतो. त्यांच्या नातवाने तो तक्ता वहीत उतरवून घरी नेला होता. घरात आधीच वाद चालू होता. मुलाला चार एकर विकून नागपूरला काही धंदा करावयाचा होता आणि चाचांना विकावयाचे नव्हते. मुलाने ती वही वडिलांपुढे ठेवून म्हटले, "पाहा, शाळेतल्या सरांनीच सिद्ध केलंय, पाऊस संपत चाललाय." चाचा माझ्यासमोर बसले, वही उघडली आणि विचारले, "मास्तर, याच्या अगोदरचं काय झालं? माझे आजोबा ज्या दुष्काळाचं सांगत, तो यात कुठं हाय?"

तो दुष्काळ १८९९-१९०० चा. माझ्या तक्त्यात तो नव्हता, कारण मी कात्री १९३१ पाशी चालवली होती.

विद्यार्थी मित्रांनो, काळ ही एक लांब दोरी आहे. अखंड दोरी कोणाच्याही मुठीत मावत नाही, म्हणून माणसाने ती नेहमीच तुकड्यांनी मोजली. प्रश्न एवढाच की गाठ कुठे मारावयाची? या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी आलेख, संगणक वगैरे येण्याच्या फार आधी शोधले होते आणि ते उत्तर आपल्या घरातल्या दिनदर्शिकेशी जोडलेले आहे.

हिजरी वर्ष चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून रमजान कधी कडक उन्हाळ्यात येतो, कधी पावसात, कधी थंडीत आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. रोजेदाराला हे ठाऊक असते. आता असे समजा की, तुम्ही पावसाच्या नोंदी मोहरमपासून मोहरमपर्यंत कापल्या आणि प्रत्येक वर्षाची पट्टी मागच्या पट्टीखाली चिकटवली. काय दिसेल? पावसाचे चार महिने दर ओळीत सुमारे अकरा दिवस उजवीकडे सरकलेले दिसतील आणि कागदावर पाऊस तिरपा धावत जाईल. इबादतीसाठी जे वर्ष सर्वथा योग्य, ते शेतसाऱ्यासाठी गैरसोयीचे, कारण पीक चंद्राप्रमाणे येत नाही. अकबराच्या दरबारात हा प्रश्न आला तेव्हा पिकाच्या हिशेबासाठी फसली सन सुरू झाला. फसल म्हणजे पीक. पुढे शाहजहानच्या काळात तो दख्खनेत आला आणि निजामाच्या राज्यात तो अगदी अखेरपर्यंत चालला.

परंतु दख्खनेत त्याही आधी एक सन होता, शुहूर सन. तो मुहम्मद तुघलकाच्या काळात, १३४४ साली सुरू झाला असे मानतात. त्याची गंमत अशी की, वर्ष सूर्याचे, महिन्यांची नावे हिजरी, आकडे अरबी शब्दांत आणि वर्षाचा आरंभ सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी! म्हणून त्याला मृगसालही म्हणत. पेशव्यांच्या दफ्तरातले मराठी कागद पाहा. "सन अर्बा खमसैन मया व अलफ" अशी अक्षरे मोडीत लिहिलेली आढळतात. आमच्या शाळेतली जी मुले अरबी शिकतात त्यांना याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही : चार, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे ११५४. त्यात ५९९ मिळवले की १७५३ चा जून येतो. मराठी राज्याचा कारकून अरबी आकड्यांत मृगाच्या दिवसापासून वर्ष मोजतो आहे, हे मला वर्गात सांगताना नेहमीच आवडते. पण आजच्या विषयासाठी त्यातला महत्त्वाचा भाग निराळा आहे. दोरी कुठे कापावी, हे त्या लोकांनी दोरीच्या सोयीने ठरवले नव्हते. ज्या गोष्टीचा हिशेब ठेवावयाचा ती गोष्ट जिथे सुरू होते, तिथे त्यांनी कापले. पाऊस मृगाला सुरू होतो. म्हणून वर्ष मृगाला.

गाठ कुठे मारावी हे कळले. आता दोन गाठींमधले अंतर किती असावे? हे समजण्यासाठी मुंबईला जाऊ या.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने बांधली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी सुरू झाली. एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार यांनी ती सुरू केली. दोऱ्याला टांगलेली लोहचुंबकाची पट्टी किती हलली हे ठरावीक वेळी डोळ्यांनी पाहून वहीत लिहावयाचे, असे ते काम होते. १८७२ पासून छायाचित्राच्या कागदावर आपोआप रेघ उमटवणारी यंत्रे आली. तोवर सगळा भार माणसाच्या डोळ्यांवर होता. १८९६ मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा विजेच्या प्रवाहाने ही नाजूक मोजणी बिघडेल हे ओळखून अलिबागला १९०४ साली नवी वेधशाळा उभी करण्यात आली. बांधकामात लोखंड येऊ दिले नाही. आणि मूस यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली : सुमारे दोन वर्षे कुलाबा व अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. जुनी दोरी संपते आणि नवी सुरू होते तिथे दोन्ही टोके काही अंतर एकमेकांवर ठेवली, म्हणून सांधा पक्का बसला. नंतर १९०७ मध्ये विजेच्या ट्राम धावू लागल्या. पण नोंदीची साखळी तुटली नाही. १९१० साली मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांचे आकडे छापून काढले.

आता हिशेब करा. दर तासाची एक नोंद धरली तर साठ वर्षांच्या सव्वापाच लाखांहून अधिक नोंदी होतात. एका नोंदीला एक मिलिमीटर जागा दिली तर आलेख अर्ध्या किलोमीटरहून लांब होईल. बसस्थानकापासून गावात शिरून परत यावे लागेल! उलट तोच आलेख तीस सेंटिमीटरच्या पानात कोंबला तर एका मिलिमीटरमध्ये सुमारे ७३ दिवस बसतात. आता त्या मिलिमीटरमध्ये २ सप्टेंबर १८५९ हा दिवस शोधा.

तो शुक्रवार होता. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन या खगोलज्ञाने सूर्यावर एकाएकी लखलखाट होताना पाहिला होता. सतरा-अठरा तासांनी त्याचा तडाखा पृथ्वीला बसला. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. त्या दिवशी सकाळी कुलाब्याला पट्टी वाजवीपेक्षा फार हलते आहे असे दिसताच तेथील निरीक्षकांनी तासाऐवजी पंधरा मिनिटांनी आणि मग पाच-पाच मिनिटांनी नोंदी घेतल्या. चुंबकीय बल सुमारे १,६०० एककांनी खाली गेले आणि लगेच वर येऊ लागले. सारा थरार काही तासांचा. तुलनेसाठी सांगतो, १९८९ च्या मार्चमध्ये ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास बंद पाडली, त्या वादळात साऱ्या पृथ्वीची सरासरी घट ६०० एककांच्या आत होती. एका ठिकाणची नोंद आणि साऱ्या पृथ्वीची सरासरी यांची तुलना काटेकोर नाही, तरी अंदाज यावा.

कुलाब्याच्या त्या पाच-पाच मिनिटांच्या नोंदी वहीत पडून राहिल्या. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्षसिंग लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर तो एवढासा तुकडा बाहेर काढून जगापुढे मांडला. तेव्हा कुलाब्याची वही ही त्या प्रचंड वादळाची जगातील अत्यंत मोलाची नोंद ठरली. साठ वर्षांच्या पानात तो एका केसाइतकाही जाड दिसला नसता. दोन दिवसांच्या पट्टीवर त्याचा कडा, दरी, चढ सगळे दिसते. त्या सकाळी पाच-पाच मिनिटांनी डोळा लावून बसलेल्या निरीक्षकांची नावे फारसे कोणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

म्हणजे तुकडा लहान घेतला तर बारकावा दिसतो. मग माझे काय चुकले? मीही लहानच तुकडा घेतला होता! याचे उत्तर मला नाईल नदीने दिले.

कैरो शहराजवळ नदीतील रोडा बेटावर पाण्याची उंची मोजण्याचा एक दगडी खांब आहे. त्याला मिकियास म्हणतात. अब्बासी खलिफा मुतवक्किल याच्या काळात, ८६१ साली तो बांधला गेला. कामावर देखरेख होती खगोलशास्त्रज्ञ अल-फरगानी यांची. पाणी सोळा हात चढले की शहरात आनंद साजरा होई, कारण शेते भिजणार आणि सारा वसूल होणार. कमी चढले तर धान्य महाग. अशा खांबांवरच्या नोंदी अरब इतिहासकारांनी वर्षानुवर्षे उतरवून ठेवल्या. ६२२ ते १२८४ पर्यंतच्या नोंदी जवळजवळ सलग मिळतात. ६२२ म्हणजे हिजरतचे वर्ष, हे सांगावयास नकोच.

विसाव्या शतकात हॅरल्ड हर्स्ट नावाचा इंग्रज जलशास्त्रज्ञ इजिप्तमध्ये कामाला आला आणि तेथेच त्याचे आयुष्य गेले. लोक त्याला अबू नील, नाईलचा बाप, म्हणत. नदीवर धरण किती उंच बांधावे हे ठरवण्यासाठी त्याने या नोंदी घेतल्या आणि १९५१ साली एक विलक्षण गोष्ट मांडली. चांगली आणि वाईट वर्षे नाणे उडवल्यासारखी विखरून येत नाहीत. वाईट वर्षे वाईट वर्षांच्या सोबतीने येतात, चांगली चांगल्यांच्या. पुढे मँडेलब्रॉट या गणितज्ञाने या गुणाला नाव दिले : योसेफ परिणाम. योसेफ म्हणजे आपले हजरत युसूफ अलैहिस्सलाम. मिसरच्या बादशहाचे स्वप्न, सात धष्टपुष्ट गायी आणि सात रोडक्या गायी, हा किस्सा आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असतो.

आता माझ्या चुकीचे मूळ तुमच्या ध्यानात आले असेल. समजा, एखाद्याने फक्त पहिली चौदा वर्षे पाहिली : सात सुकाळाची आणि सात दुष्काळाची. तो छातीठोकपणे म्हणेल, पाऊस संपत चालला. कुलाब्याच्या तुकड्याला एक वादळ दाखवावयाचे होते. वादळ दोन दिवसांत संपते, म्हणून दोन दिवसांची पट्टी पुरते. मला मात्र पिढ्यांची चाल सांगावयाची होती आणि त्यासाठी मी एकच पट्टी दाखवली, बाकीच्या फेकून दिल्या.

मग नीट कसे करावे? १९८० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील विल्यम क्लीव्हलँड या संख्याशास्त्रज्ञाने याचा फार बारकाईने विचार केला. घाटरस्ता आठवा. चढ फारच उभा असला तर सगळीच भिंत वाटते. फारच सपाट असला तर चढ जाणवतच नाही. डोळ्याला चढ-उतारांतला फरक उत्तम कळतो तो रेघ साधारण ४५ अंशांत कललेली असते तेव्हा. त्याने सूर्यावरील डागांची जुनी मोजणी घेतली. हे डाग सुमारे अकरा वर्षांनी वाढतात व कमी होतात. नेहमीच्या उंच, आखूड आलेखात सगळे चढ आणि उतार सारखेच, भिंतीसारखे दिसतात. आलेख लांबट आणि बसका केला तेव्हा लगेच दिसले की डाग झरझर वाढतात आणि सावकाश उतरतात. पण एवढा लांबट आलेख पानात मावत नाही. म्हणून कापा आणि एकाखाली एक रचा. मात्र सगळे तुकडे दाखवा आणि सगळ्यांचे माप एकच ठेवा.

न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या सुमारास संख्याशास्त्रासाठी 'आर' नावाची संगणक प्रणाली लिहावयास घेतली. ती फुकट आहे, कोणालाही घेता येते. आपल्यासारख्या शाळांना हे मोलाचे. तिच्यातील 'लॅटिस' हा आलेखांचा संच दीपायन सरकार या भारतीय संख्याशास्त्रज्ञाने लिहिला. त्यात कापण्याची सोयच आहे : किती तुकडे करावयाचे आणि एकाचे टोक दुसऱ्यावर किती चढवावयाचे, एवढे सांगितले की प्रणाली पट्ट्या कापून एकाखाली एक रचून देते. टोके एकमेकांवर का चढवावयाची? मूस यांनी कुलाब्याला आणि अलिबागला दोन वर्षे बरोबर मोजणी का केली, ते आठवा. सांध्यावर घडलेली गोष्ट दोन पट्ट्यांत अर्धी-अर्धी तुटू नये.

एक सावधगिरी सांगतो, पुष्कळ जण इथे फसतात. कार्यालयांतून वापरतात त्या साध्या तक्त्यांच्या प्रणालीत प्रत्येक तुकड्याचा वेगळा आलेख काढला तर संगणक दर वेळी उभे माप आपल्या मर्जीने ठरवतो. मग एका पट्टीतला दहा सेंटिमीटर पावसाचा फरक दुसऱ्या पट्टीतल्या वीस सेंटिमीटरएवढा दिसतो. माप स्वतः हाताने बांधून द्यावे.

आम्ही मात्र हे काम कागदावर केले. मुलांनी आलेखकागद जोडले, एका वर्षाला एक सेंटिमीटर. १८७१ ते १९००, १९०१ ते १९३०, १९३१ ते १९६०, १९६१ ते १९९० आणि उरलेली वर्षे, अशा पाच पट्ट्या. प्रत्येक पट्टीच्या आरंभी मागच्या पट्टीची शेवटची तीन वर्षे फिक्या पेन्सिलीने पुन्हा काढली. सरासरी पावसाची, म्हणजे सुमारे ८५ सेंटिमीटरची, आडवी रेघ सगळ्या पट्ट्यांवर एकाच उंचीवर. फार कमी पावसाची वर्षे लाल केली.

पट्ट्या भिंतीवर लागल्या आणि वर्ग शांत झाला. १८९९ चा खड्डा खोल, पाऊस सरासरीच्या चौथ्या हिश्शाएवढा कमी. पण तो एकटा नव्हता. १९०१, १९०४, १९०५, १९११, १९१८, १९२०, लाल ठिपक्यांची रांग. आपला भाग तेव्हा मध्यप्रांतात होता आणि १८९६-९७ पाठोपाठ १८९९-१९०० असे दोन दुष्काळ त्याने सोसले होते. मग १९२१ पासून १९६४ पर्यंत लाल ठिपके विरळ. १९४१ आणि १९५१ ठळक. मग पुन्हा गर्दी : १९६५, १९६६, १९७२, १९७४, १९७९, १९८२, १९८६, १९८७. बहात्तरचा दुष्काळ तर महाराष्ट्रात अजून घरोघर सांगतात. आणि त्यानंतर? १९८८ ते २००१ या चौदा वर्षांत देशभरच्या दुष्काळाचे एकही वर्ष नाही. मग २००२, २००४, २००९, २०१४, २०१५.

माझा तक्ता १९३१ पाशी, म्हणजे सुकाळाच्या माथ्यावर सुरू होत होता आणि १९८७ पाशी, म्हणजे दुष्काळाच्या तळाशी संपत होता. १८९९ ते १९६० एवढा तुकडा घेऊन "पाऊस वाढत चालला आहे" असेही मी तितक्याच ठळक अक्षरांत लिहू शकलो असतो. आकडा एकही खोटा नव्हता.

ही चूक केवळ शाळामास्तराची नव्हे, हे पाहून मला थोडा धीर आला. हवामान खाते ज्या सरासरीशी पाऊस ताडून पाहते ती सरासरीही एका तुकड्याचीच असते. १९५१ ते २००० चा तुकडा घेतला तेव्हा ती ८९ सेंटिमीटर होती, १९६१ ते २०१० चा घेतला तेव्हा ८८, आणि २०२२ साली १९७१ ते २०२० घेऊन ८७ ठरली. सुकाळाची दशके मागे सरकली, गजही बदलला. खात्याने स्वतःच याचे कारण कोरड्या आणि ओल्या कालखंडांच्या फेऱ्यांत असल्याचे सांगितले.

पाचही पट्ट्यांची गुंडाळी घेऊन मी एका संध्याकाळी चाचांच्या घरी गेलो. ओसरीवर पसरल्या. चाचांनी १८९९ वर बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही. त्यांचा मुलगाही येऊन उभा राहिला. मी त्याला सांगितले की, माझ्या तक्त्यावरून शेत विकावयाचे ठरवू नका, तो तक्ता अर्धवट होता. त्याने विचारले, "म्हणजे पाऊस कमी नाही होणार?" मी म्हटले, तेही या पट्ट्यांवरून सांगता येत नाही; या मागचे सांगतात. त्याला हे उत्तर आवडले नाही. त्याचे दुखणे पावसाएवढेच कपाशीच्या भावाचे आणि कर्जाचे होते, आणि त्याबद्दल माझ्या पट्ट्यांत काहीच नव्हते.

चाचांचे समाधान झाले असे वाटून मी पट्ट्या गुंडाळू लागलो, तर ते म्हणाले, "पण मास्तर, हा सगळ्या हिंदुस्थानचा पाऊस. हिंदुस्थानचा पाऊस माह्या वावरात पडत नाही."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आसाम आणि राजस्थान एकत्र मिसळून काढलेला आकडा तळेगावच्या संत्र्याच्या झाडाला काय सांगणार? म्हणून त्याच वर्षी शाळेत पर्जन्यमापक बसवला. मृग लागतो तेव्हा शाळेला सुटी असते. म्हणून कुंपणाला लागून ज्याचे घर आहे अशा एका मुलाकडे जूनची जबाबदारी दिली. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजावयाचे आणि पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य लिहावयाचे, कोरी जागा सोडावयाची नाही. वहीचे पहिले पान १ जानेवारीपासून आखलेले होते. चाचांनी ते पाहिले, नातवाकडून वही मागून घेतली आणि ते पान फाडून त्याला नवे पान आखावयास सांगितले, मृगाच्या दिवसापासून. चार एकरांपैकी दोन विकले गेले. उरलेल्या दोनांत तूर आहे, आणि वहीत आतापर्यंत तीन पावसाळे लिहिले गेले आहेत.